धारण तलावाच्या आराखड्यात एक माणूस काढा

प्रति,
पावसाच्या पाण्याचे धारण तलाव आखणारे अभियंते, त्यांना मंजुरी देणारे अधिकारी आणि पुढे ते सांभाळणाऱ्या संस्था

विषय : आउटलेटच्या छेदचित्रात माणसाची आकृती दाखवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

धारण तलावांचे आराखडे तपासणे हे माझे रोजचे काम. त्यातला पाण्याचा हिशेब बहुतेक वेळा चोख असतो. पाणलोट किती, पावसाची तीव्रता काय धरली, आवक किती, साठा किती, रिकामा व्हायला किती तास, सगळे तक्ते जोडलेले असतात. आउटलेटच्या पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. माणूस मात्र कुठेच नसतो. त्या खड्ड्यात कोणी उतरले आहे आणि तेवढ्यात पाणी आले, तर ते कुठून बाहेर पडणार, हे आराखडा सांगत नाही. तसे विचारावे असे कोणाला सुचलेलेच नसते.

माझी मागणी लहानशी आहे. आउटलेटच्या प्रत्येक छेदचित्रात, चित्राच्याच प्रमाणात, चार वर्षांच्या मुलाची आकृती काढा. उंची साधारण 1 मीटर. तलाव पूर्ण भरल्यावरची पातळी तिथेच दाखवा आणि खाली एक वाक्य लिहा : हे मूल बाहेर कसे येते. ते वाक्य लिहिता आले नाही, तर चुकले ते डिझाइन. बाकीचे पत्र या मागणीची कारणे सांगण्यासाठी आहे.

तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा लिहिणार आहे, त्याबद्दल क्षमस्व. हे पत्र खुले आहे आणि तलावाकाठी राहणारे लोकही ते वाचतील. त्यांच्यासाठी थोडक्यात : 1 हेक्टर जमिनीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, की 100 घनमीटर, म्हणजे 1 लाख लिटर पाणी होते. जमीन मोकळी असताना त्यातले बरेचसे मुरते, गवतात अडकते, रमतगमत ओढ्याला जाते. तिथे छपरे, डांबर आणि फरशी आली की मुरणे जवळपास थांबते आणि जे पाणी काही तासांत ओढ्याला पोहोचायचे ते मिनिटांत पोहोचते. धारण तलाव हे पाणी मध्येच अडवतो आणि लहान तोंडातून हळूहळू सोडतो, म्हणजे बांधकामाआधी ओढ्याला जेवढा लोंढा सोसावा लागत होता, त्याहून मोठा नंतरही येऊ नये. पाऊस ओसरल्यावर एकदोन दिवसांत तलाव पुन्हा कोरडा होतो. कायम पाणी राहणारी तळी वेगळी. मी मुख्यतः या कोरड्या तलावांविषयी लिहिते आहे.

धोका या कोरडेपणातच आहे. नदी, विहीर, खाण यांच्याजवळ मूल गेले तर कोणीही मोठे माणूस हटकते. वर्षातले बहुतेक दिवस गवत असलेल्या खोलगट मैदानाला कोण घाबरणार? तिथे चेंडू खेळतात, कुत्री फिरवतात, मुले उतारावरून गडगडत खाली येतात. हे होणारच, आणि माझ्या मते व्हावेही. शहरातली एवढी मोकळी जागा कुलूप लावून ठेवण्यात शहाणपण नाही. पण मग तलाव भरतो कसा, हे नजरेसमोर ठेवून आखणी करायला हवी. तळाचे क्षेत्रफळ 1000 चौरस मीटर आणि आवक सेकंदाला 1 घनमीटर धरा. बाहेर जाणारे पाणी सुरुवातीला नगण्य असते. पातळी मिनिटाला 6 सेंटिमीटर चढते. दहा मिनिटांत चार वर्षांच्या मुलाच्या छातीला पाणी लागते. आणि एवढे पाणी यायला डोक्यावर पाऊस पडत असायलाच हवा असेही नाही. पाणलोटाच्या वरच्या टोकाला सर येऊन गेली की पुरे. आवक पाइपच्या तोंडाशी तर पाणी साचायच्याही आधी धावत असते, आणि वेगाने वाहणारे 15 सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून दगावली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. हा आकडा सर्व प्रकारच्या पाण्याचा आहे, धारण तलावांचा वेगळा नाही. तरी आकृती चार वर्षांच्या मुलाचीच का मागते, ते यावरून कळेल.

आता आउटलेट. माझा खरा राग इथे आहे.

तलाव भरलेला असताना आउटलेटच्या तोंडाशी काय चालते, हे काठावरून दिसत नाही. वरचे पाणी संथ असते, एखादी काडी सावकाश गोल फिरत असते. खाली मात्र, पाइपच्या मध्यापासून वर 1.5 मीटर पाणी असेल, तर तोंडातून निघणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला 5.4 मीटरच्या आसपास असतो. 45 सेंटिमीटर व्यासाचे तोंड सेकंदाला 500 लिटरहून जास्त पाणी ओढते. भरलेल्या टाकीच्या तळाच्या भोकावर तळहात ठेवून पाहिलेल्यांना ही ओढ माहीत असते. तेच भोक 45 सेंटिमीटरचे आणि त्यावर तळहाताऐवजी माणसाची पाठ, असे समजा. पलीकडे हवा आणि अलीकडे 1.5 मीटर पाणी असताना त्या शरीरावर सुमारे 240 किलो वजनाइतका दाब येतो. दोन धडधाकट माणसांनी ओढूनही तो सुटत नाही, आणि त्याचे डोके पाण्याखाली असते. पोहता येणे इथे कामाचे नाही.

यावर तुमचे नेहमीचे उत्तर : जाळी बसवली आहे. ती कुठे आणि कशी बसवली, ते पाहू. पुष्कळ चित्रांत पाइपच्याच व्यासाची चौकट थेट तोंडावर ठोकलेली असते. त्याने माणूस पाइपमध्ये जाणार नाही एवढेच होते. तो जाळीला चिकटणार, आणि 240 किलोचा हिशेब तसाच राहणार. जाळी तोंडापासून दूर आणि मोठी हवी, म्हणजे तिच्यापाशी पाण्याचा वेग इतका कमी असेल की माणूस स्वतःला ढकलून बाजूला होऊ शकेल. सेकंदाला 0.6 मीटर ही प्रचलित मर्यादा धरली, तर वरच्या उदाहरणात जाळीतली मोकळी जागा पाइपच्या क्षेत्रफळाच्या पाचपटीहून अधिक लागते. हे जाळी स्वच्छ असतानाचे. ती अर्धी तुंबलेली असेल, आणि पावसाच्या मध्यावर ती अर्धी तुंबलेली असतेच, तर दहापटीहून अधिक. जाळी उभी न ठेवता तलावाकडे झुकत उतरणारी ठेवा. तिच्यावर आलेला माणूस पाणी चढेल तसा वर सरकतो, आणि गज नीट बसवले असतील तर त्यांना धरून चढतो. कचराही वर सरकतो आणि खालचा भाग वाहता राहतो. म्हणजे जी जाळी माणसासाठी चांगली, तीच पाण्यासाठीही चांगली. खर्चाची हरकत घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

एक उलटी चूकही दिसते आणि ती जास्त भयंकर आहे. पाइप जिथे ओढ्यात उघडतो, त्या खालच्या टोकाला जाळी लावायची, मुले आत शिरू नयेत म्हणून. वरचे तोंड उघडे. वरून ओढला गेलेला माणूस एरवी कदाचित पलीकडे बाहेर फेकला गेला असता. आता तो पाइपच्या आत, जाळीमागे अडकतो. वरचे तोंड सुरक्षित केल्याशिवाय खालच्या टोकाला जाळी लावू नका. लागलेली असेल, तर या पावसाच्या आधी वरच्या टोकाचे काम करा.

उताराविषयी मला फारसे सांगायचे नाही, कारण नियम तुम्हाला पाठ आहे. 1 मीटर उभ्याला 4 मीटर आडवे हा उतार ओल्या गवतावरूनही चढता येतो आणि त्यावर गवत कापायचे यंत्रही चालते. 1 ला 2 वर मोठी माणसेही घसरतात. जागा वाचवण्यासाठी उतार उभा केला आणि नंतर भोवती कुंपण घातले, तर ती सुरक्षितता म्हणायची का? मला ती पळवाट वाटते. कुंपणावरून मुले चढून जातात आणि वाचवायला धावलेला माणूस बाहेर अडकतो. काँक्रीटच्या उभ्या भिंती टाळणे शक्यच नसेल तिथे कुंपण हवेच, पण मग भिंतीत ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा शिडी हवी आणि बाहेरून चटकन उघडणारे फाटक हवे. पाणी आत येते त्या वाटेवर आडवे कुंपण कधीही नको. ते पहिल्याच पावसात कचऱ्याचा बंधारा होते. कायम पाणी असलेल्या तळ्याला काठालगत पाण्याखाली उथळ, सपाट पट्टा ठेवा. पाय घसरून आत गेलेले मूल आधी त्या पट्ट्यावर उभे राहते, खोलात जात नाही.

पाट्या तर वाचवत नाहीत. कोरड्या मैदानाशेजारी ‘पाणी खोल आहे’ असे लिहिलेले पाहून लोक हसतात आणि पुढे जातात. ‘हे मैदान पावसात काही मिनिटांत भरते. पाऊस सुरू होताच वर या. त्या जाळीजवळ कधीही जाऊ नका’ असे लिहा, शेजारी भरल्यावरच्या पातळीची ठळक रेघ मारा, आणि ती रेघ बाकाच्या किंवा खांबाच्या उंचीशी ताडून पाहता येईल अशा जागी मारा. डोक्यावरून जाणारी रेघ कोणालाही समजते.

बांध आणि सांडवा. तलाव जमिनीत खणलेला असेल तर प्रश्न कमी. भराव घालून अडवलेला असेल तर तो लहान का होईना, धरण आहे, आणि धरण फुटण्याची कारणे त्यालाही लागू आहेत. पाणी बांधाच्या माथ्यावरून गेले की मातीचा भराव चिरत जातो. म्हणून आउटलेट पूर्ण तुंबले आहे असे धरून सांडव्याची रुंदी काढायची आणि वर निदान 30 सेंटिमीटर मोकळी उंची ठेवायची. हे कागदावर असते. जागेवर काय होते? सांडवा म्हणजे बांधाच्या माथ्याला ठेवलेली एक रुंद, उथळ खाच. पाहणाऱ्याला ती अपुरे राहिलेले काम वाटते. मग कोणीतरी सद्भावनेने तिच्यात माती टाकतो, फुलझाडे लावतो, कोणी तिथून पायवाट उंचावून नेतो. खाच बुजली हे पुढच्या अतिवृष्टीतच कळते. सांडव्याला दगडी किंवा काँक्रीटची कड द्या आणि ‘ही जागा रिकामीच हवी’ असे तिथेच लिहा.

दुसरे कारण बांधाच्या पोटातले. पाइपच्या बाहेरच्या अंगाने पाणी झिरपत जाते आणि मातीचे बारीक कण घेऊन जाते. बांधाच्या पायथ्याशी पाइपजवळ ओल दिसली तर खाली वाकून तिचा रंग पाहा. पाणी नितळ असेल तर नोंद करा आणि लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतून माती निघते आहे. त्याच दिवशी तलावाची पातळी उतरवायची सोय करा आणि खालच्या बाजूची वस्ती सावध करा. बांधावर मोठी झाडे नकोत, हे सांगितले की लोक रागावतात. झाडांवर माझाही जीव आहे. पण झाड मेल्यावर मुळे कुजतात आणि भरावात पोकळ नळ्या राहतात. झाडे तळाच्या कडेने लावा, बांधाच्या अंगावर गवतच ठेवा. घुशींची बिळे दिसताच बुजवा.

इथवर आखणाऱ्यांसाठी. यापुढचे सांभाळणाऱ्यांसाठी, आणि खरे तर मंजुरी देणाऱ्यांसाठी, कारण सांभाळणारा कोण हे मंजुरीच्या वेळीच ठरत नाही.

नेहमीचा क्रम असा. बांधकाम करणारा तलाव बांधतो, पूर्णत्वाचा दाखला घेतो आणि जातो. तलाव रहिवाशांच्या संस्थेकडे येतो. संस्थेच्या कागदांत त्याचा उल्लेख ‘मोकळी जागा’ असा असतो. तिथे किती साठा हवा, आउटलेटचे भोक किती, गाळ कधी काढायचा, हे सांगणारा एकही कागद त्यांना दिलेला नसतो. काही वर्षांनी तळ भरून येतो, साठा घटतो, आणि कोणालाही जाणवत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला गाळ चढलेला दिसत नाही. आवक तोंडाशी छोटा गाळखड्डा ठेवला आणि त्यात खुणांची पट्टी उभी केली, तर ‘गाळ या रेघेला आला की काढा’ एवढी सूचना कोणालाही पाळता येते. तिथपर्यंत यंत्र जाईल असा रस्ताही हवा. तो नसतो तेव्हा गाळ निघत नाही, कितीही ठराव केले तरी.

जाळीचे पाहा. एका जोरदार सरीनंतर तिच्यावर जे साचते त्यात सुटा कचरा थोडा असतो. आधी गवताच्या काड्या गजांना आडव्या बसतात, त्यांवर पाने, पानांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या सपाट चिकटतात, आणि पाण्याच्या दाबाने हे सगळे चटईसारखे घट्ट होते. हाताने ओढून निघत नाही, दाताळे लागते. आणि पाणी चढलेले असताना ही चटई काढायला माणसाला जाळीवर उभे करणे म्हणजे त्याला मघाच्या 240 किलोच्या तोंडाशी नेऊन सोडणे. म्हणून साफसफाईची वेळ पावसाआधी आणि पाणी ओसरल्यावर. भर पावसात साफ करावी लागेल अशी जाळी असेल तर ती लहान आहे, मोठी करा.

सफाई कामगारांबद्दल आणखी एक. आउटलेटची काँक्रीटची पेटी किंवा मॅनहोल ही बंदिस्त जागा आहे. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची जाणीवच मरते आणि वास गेला असे वाटते. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. त्यामुळे आधी हवा तपासायची, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांहून कमी असेल तर उतरायचे नाही. वायू मोजण्याचे यंत्र, हवा खेळती ठेवणारा पंखा, वर थांबणारा माणूस, दोर आणि कमरपट्टा यांतले काही नसेल तर काम त्या दिवशी होणार नाही, हे कंत्राटात लिहा. त्याहून बरे म्हणजे जाळी आणि झडप बाहेरून, वरूनच साफ होतील अशी पेटी आखा. आत उतरण्याची गरजच आराखड्यात ठेवू नका.

रिकामे होण्याच्या वेळेवर दोन बाजूंनी ताण असतो. फार लवकर रिकामा झाला तर खालचा ओढा खरवडला जातो. फार वेळ भरलेला राहिला तर दुसऱ्या पावसाला जागा उरत नाही. 72 तासांच्या आत कोरडा, हे बंधन डासांसाठीही आहे; उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्याआधी पाणी गेलेले हवे. ही वेळ साधायला काही जण 5 सेंटिमीटरचे भोक ठेवतात. गणितात ते बरोबर बसते आणि पहिल्या पिशवीने बंद होते. लहान भोक ठेवायचेच असेल तर त्याला स्वतंत्र गाळणी द्या, आणि तलाव 72 तासांनंतरही ओला असेल तर कोणाला कळवायचे तो क्रमांक पाटीवर द्या. हा सगळ्यात स्वस्त सेन्सर आहे.

मंजुरी देणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी, घाईत. एकाच ओढ्यावर प्रत्येक प्रकल्पाचा तलाव सुटा तपासू नका. प्रत्येक तलाव आपला लोंढा उशिरा सोडतो, आणि हे उशिरा सुटलेले लोंढे खाली एकत्र येऊन पूर वाढवल्याची उदाहरणे आहेत. पाणलोट सगळा एकत्र पाहावा लागतो. दुसरे, हवेचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. जुन्या पावसाच्या नोंदींवर काढलेली तीव्रता तशीच वापरून मोकळी उंची काटकसरीने ठेवणे आता परवडणारे नाही.

मंजुरीच्या कागदांत यापुढे हे असावे : देखभाल करणाऱ्याचे नाव, त्यासाठी दरवर्षी बाजूला ठेवायची रक्कम, पावसाआधीच्या आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतरच्या पाहणीची नोंदवही, आणि बांधून झाल्यावर प्रत्यक्ष मोजलेला साठा. आराखड्यातला साठा नव्हे, मोजलेला. यांतले एकही नसताना पूर्णत्वाचा दाखला देऊ नये.

आणि ती आकृती. यापुढे माझ्याकडे येणाऱ्या आराखड्यात ती नसेल, तर शेऱ्यात कारण लिहून मी तो परत पाठवणार आहे. नमुन्याचा छेद कोणाला हवा असेल तर मी काढून देईन. काम अर्ध्या तासाचे आहे, आणि बहुतेक चित्रांत ते करताना जाळीची जागा बदलावी लागते.

आपली,
आराखडे तपासणारी एक अभियंता